चाळीसवरचा काटा

"आला बघा दगड," ईश्वरामामा म्हणाले आणि त्यांनी समोरची दांडी घट्ट धरली.

जीप मी चालवत होतो. काटा साठावर स्थिर धरला होता आणि स्टिअरिंगवरच्या मनगटातलं घड्याळ बघत सेकंद मोजत होतो. बालिंग्याच्या पुढं गगनबावड्याचा रस्ता त्या काळी मोकळाच असायचा. डाव्या अंगानं किलोमीटरचा दगड मागं गेला, मग ऊस, एक बंद गुऱ्हाळ, पुन्हा ऊस, आणि मामा म्हणाले, "ह्यो आला दुसरा."

अठ्ठेचाळीस सेकंद झाले होते.

मी पुढच्या दगडापर्यंत परत मोजलं. पुन्हा अठ्ठेचाळीस. गाडीला नवा गिअरबॉक्स बसवला की मीटर तपासायची आम्हा मिस्त्री लोकांची ही रीत. काटा साठावर असेल तर एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत जायला बरोबर एक मिनिट लागलं पाहिजे. त्यात दुसरं काही गणित नाही. कमी वेळ लागला तर गाडी काट्यापेक्षा जास्त पळते आहे असं समजायचं. माझी जीप पंचाहत्तरनं पळत होती आणि काटा साठ म्हणत होता. म्हणजे काटा चाळीस म्हणाला की गाडी पन्नासवर.

"किती आलं?" मामांनी विचारलं.

"एक मिनिट," मी म्हणालो. "अगदी बरोबर."

"मग झ्याक. आता जरा दमानं घ्या मिस्त्री. साठाला माज्या पोटात कालवतंय."

मी हसलो आणि वेग कमी केला. १९८९ सालचा जुलै महिना होता. मी एकोणतीस वर्षांचा होतो, आणि खोटं बोललो असं मला त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही. चार दिवसांत दुरुस्त होणारी गोष्ट चार दिवस आधी सांगितली, एवढंच वाटलं.

ईश्वरामामा शिनगारे हे हळदीकर डॉक्टरीणबाईंचे ड्रायव्हर. बाईंचा दवाखाना कोल्हापुरात, पण दर गुरुवारी त्या साळवणच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन पेशंट तपासायच्या. बरोबर रेबेका सिस्टर आणि औषधांच्या दोन ट्रंका. एकतीस वर्षं ही जीप मामांनीच चालवली होती, आधी बाईंच्या वडिलांसाठी आणि मग बाईंसाठी. त्या एकतीस वर्षांत त्यांनी काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नव्हता. उद्यमनगरात, आमच्या गॅरेजच्या वस्तीत, त्यांना सगळे 'चाळीसवाले मामा' म्हणायचे. सायकलवाले त्यांना मागं टाकून जाताना मुद्दाम घंटी वाजवायचे. मामांना त्याचं काही वाटत नसे. "घंटी वाजवनाऱ्यांतलं चार जन सिव्हिलात बघून आलोय मी," असं ते शांतपणे सांगायचे.

जीप मूळची पेट्रोलची. बाईंनी तिला डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडं आलं. इंजिन बदललं की जुना गिअरबॉक्स जमत नाही, म्हणून तोही दुसऱ्या गाडीचा आणला. त्या दुसऱ्या गाडीची चाकं लहान होती, मागचे गिअरही वेगळे. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं एक दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. ते फिरलं की केबल फिरते आणि केबल फिरली की मीटरचा काटा हलतो. आणलेल्या गिअरच्या डब्यात वीस दात्यांचं पिनियन होतं. लहान चाकांच्या गाडीला ते बरोबर होतं, पण आमच्या जीपला सोळा दात्यांचं हवं होतं; दाते जास्त झाले की काटा कमी दाखवतो. ते मला माहीत होतं. माझ्याकडं नव्हतं.

आणि ते कुठं होतं हेही मला माहीत होतं. रस्त्याच्या पलीकडं बाबालाल उस्तादांच्या गॅरेजमध्ये, डाव्या हाताच्या तिसऱ्या खणात, ग्रीस लावलेल्या कागदात. नऊ वर्षं मी त्या गॅरेजमध्ये काम शिकलो होतो. तो खण मीच लावून ठेवला होता.

पण उस्तादांपासून मी वेगळा झालो तो नीट वेगळा झालो नव्हतो. "एकट्यानं डबा बदलायचं काम घिऊ नगंस धनपाल, अजून दोन वर्सं थांब," असं ते चारचौघांत म्हणाले होते. मला ते झोंबलं. सहा महिन्यांनी त्यांच्या समोरच मी पत्रा ठोकला आणि 'मगदूम ऑटो' अशी पाटी लावली. हळदीकरबाईंची जीप म्हणजे माझं पहिलं मोठं काम. ती दारात उभी राहिल्यापासून पलीकडचे दोन-तीन फिटर येता-जाता डोकावून जात होते. आता मी रस्ता ओलांडून जायचं आणि म्हणायचं, उस्ताद, एक पिनियन द्या, माझं मीटर खोटं दाखवतंय. त्यापेक्षा जीभ हासडून दिली असती.

म्हणून मी ते पिनियन मागवायला पुण्याच्या एका दुकानाला पत्र टाकलं, आणि गुरुवार तोंडावर आला होता म्हणून जीप देऊन टाकली. बाई स्वतः न्यायला आल्या होत्या. माझ्या पाटीखाली उभं राहून त्यांनी चार लोकांच्या देखत "काम सुबक केलंत हो" असं म्हटलं. पलीकडच्या दारात उस्ताद उभे होते. त्यांना ऐकू गेलं असावं अशी माझी फार इच्छा होती.

बाई मागं जाऊन बसल्या, आणि मामा किल्ली हातात घेऊन माझ्याजवळ आले.

"मिस्त्री, एक इचारू का?"

"विचारा की."

"जुनं इंजन माज्या कानात बसल्यालं. तिसाला कसं घुमतंय, चाळीसला कसं वराडतंय, मी न बघता सांगत हुतो. हे नवं सारकं गुरगुरतंयच. गेर बी लांब झाल्यात. कान काय कामाचा ऱ्हायला न्हाई बगा. आता भिस्त काट्यावर. तेवडा काटा बरुबर हाय न्हवं?"

त्या वेळी सांगता आलं असतं. 'मामा, चार दिवस काटा बत्तीसवर ठेवा, तेच तुमचं चाळीस.' एवढंच सांगायचं होतं, आणि त्यांनी ते ऐकलं असतं. त्यात माझी फार इज्जत गेली असती असंही नाही. पण बाई गाडीत बसून ऐकत होत्या.

"दगडाला दगड लावून बघितलं की तुमच्यादेखत," मी म्हणालो. "बिनघोर जावा."

पुण्याचं पार्सल चारऐवजी आठ दिवसांनी आलं. सोळा दात्यांचं पिनियन, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ते बसवायला अर्धा तास पुरे. मामा त्याच आठवड्यात ऑइल गळतंय का बघायला येऊन गेले, तेव्हा पिनियन माझ्या खणात होतं. मी खण उघडला नाही. मामा गाडीपासून हलायचे नाहीत, प्रत्येक बोल्ट का सोडला ते विचारायचे. 'हे काय बदलता' असं त्यांनी विचारलं तर मग आधी काय होतं तेही सांगावं लागणार. म्हटलं, महिन्यानं सर्व्हिसिंगला गाडी दिवसभर ठेवून जातील, तेव्हा गुपचूप बसवू. चाळीसनं जाणारा माणूस पन्नासनं गेला तर काय आभाळ कोसळणार आहे, असंही मी मनाशी म्हणालो. मला ते वाक्य अजून आठवतं, कारण म्हणताना मला त्याचं हसू आलं होतं. म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा पन्नासनं जातोय आणि त्याला पत्ता नाही.

तीन गुरुवार निभावले. चौथ्या गुरुवारी साळवणच्या पुढं, ओढ्यावरच्या पुलाआधीच्या डाव्या वळणावर जीप घसरली. रस्त्यावर शेतातली लाल माती वाहून आली होती. जीप पुलाच्या कठड्याला आदळली आणि डाव्या कुशीवर पडली. त्या दिवशी बाई कोल्हापुरातच होत्या, एक अवघड बाळंतपण आलं होतं म्हणून. जीपमध्ये मामा आणि रेबेका सिस्टर दोघंच. मामांच्या कपाळाला सात टाके पडले. सिस्टरचा उजवा हात मनगटातून दोन ठिकाणी मोडला. पुढं तो जुळला, पण मनगट वळेना. इंजेक्शन देणारा हात होता तो.

मला दुपारी कळलं आणि मी सिव्हिलमध्ये धावत गेलो. धावत का गेलो ते खरं सांगायला पाहिजे. मामा कसे आहेत हे बघायला नाही. ते काय बोलतायत हे ऐकायला.

मामा खाटेवर बसले होते. बाई त्यांच्यासमोर स्टुलावर होत्या आणि हवालदार दाराशी.

"मामा, किती वेगात होतात?" बाईंनी विचारलं.

"चाळीस."

"मागं एसटी होती. तिचा ड्रायव्हर सांगतो की तो पन्नासनं येत होता आणि तुमची जीप तितकीच पुढं राहत होती."

"त्येचा मीटर बिघडला आसंल," मामा म्हणाले. "बाई, ते वळान मला लुगड्याच्या काठावानी पाठ हाय. मातीत बी चाळीसला गाडी बसतीया तितनं. मी वळणाआदी काटा बघितला. चाळीसवर हुता. डोळ्यानं बघितला."

"मामा, मी तुम्हाला काही म्हणत नाही. चूक कुणाकडूनही होते. मला फक्त खरं सांगा."

"खरंच सांगतोय, बाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही त्यांच्याकडं बघत होतो, ते टाळता आलं नाही. "ह्ये मगदूम मिस्त्री हाईत की," ते हवालदाराला म्हणाले. "इचारा त्येनला. मीटर त्येंनी तपासलाय."

हवालदारानं माझ्याकडं मान वळवली. मी म्हणालो, "मीटर बरोबर होतं."

चाळीसला गाडी त्या वळणावरून निघाली असती का, हे मला आजही माहीत नाही. निघाली असती असं मामा म्हणत होते, आणि ते वळण माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं.

जीप ओढून माझ्याच गॅरेजमध्ये आणली. दुसऱ्या कुठं आणणार? डावा दरवाजा, पत्रा, पुढचं मडगार्ड गेलं होतं, पण इंजिन आणि चासी शाबूत होती. हवालदार सांगून गेला की मोटार निरीक्षक परवा सकाळी येणार, ब्रेक आणि स्टिअरिंग बघणार, आणि ड्रायव्हर मीटरचं एवढं सांगतोय तर मीटरही बघणार. तोपर्यंत कशाला हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता माझा फिटर जेवायला घरी गेला. मी शटर अर्धं खाली घेतलं, खण उघडला आणि वर्तमानपत्राची पुडी काढली. जीपखाली सरकलो. एक नट, एक पट्टी, केबल बाजूला केली की पिनियन हातात येतं. वीस दात्यांचं काढलं, सोळा दात्यांचं घातलं.  इतकं सफाईदार काम मी क्वचित केलं असेल. बाहेर आलो, हात रॉकेलनं धुतले, शटर वर केलं. रस्त्यापलीकडं उस्ताद खुर्चीत बसून डबा खात होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि परत डब्यात बघितलं. काढलेलं पिनियन मी संध्याकाळी घरी जाताना पंचगंगेत टाकलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक आले. देवस्थळी नावाचे, हडकुळे, बोलायला मऊ. त्यांनी ब्रेक बघितले, स्टिअरिंग बघितलं. चाकाला घासणारं मडगार्ड मी आदल्या दिवशी हवालदाराकरवी त्यांची परवानगी घेऊन कापून काढलं होतं, त्यामुळं गाडी चालत होती. बाई आल्या होत्या. मामाही आले होते, डोक्याला पट्टी बांधून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सण असल्यासारखे तयार होऊन आले होते. त्यांना कळलं होतं की आज मीटर तपासणार.

"मीटर कसं तपासता तुम्ही?" देवस्थळींनी मला विचारलं.

मी दगडाची रीत सांगितली.

"छान. मग तसंच बघू. मी चालवतो." मग त्यांनी आपलं घड्याळ हातातून काढलं आणि मामांपुढं धरलं. "मामा, तुम्ही पुढं बसा आणि तुम्हीच मोजा. म्हणजे नंतर मनात किंतु राहायला नको."

माणूस भला होता. मामांनी घड्याळ दोन्ही हातांत घेतलं. जीपला डावा दरवाजा नव्हता, म्हणून त्यांनी एका हातानं दांडी धरली. बाई आणि मी मागं बसलो.

बालिंग्याच्या पुढं काटा साठावर आला. मामांना त्या दिवशी पोटात कालवत नव्हतं. पहिला दगड गेला. मामांचं सगळं लक्ष घड्याळात. त्यांचे ओठ हलत होते. मला मागून त्यांचा कान, पट्टी आणि मान दिसत होती. चाळीस झाले, पन्नास झाले. अठ्ठेचाळीसला त्यांनी मान वर करून पुढं बघितलं होतं. दगड आला नव्हता. त्यांना दगड लवकर यायला हवा होता. त्यांना तेवढंच हवं होतं. मग पंचावन्न. मग दगड दिसला, आणि तो जवळ आला, आणि गेला.

"किती?" देवस्थळींनी विचारलं.

मामा घड्याळाकडंच बघत होते.

"मामा, किती आले?"

"साठ," मामा म्हणाले.

"आणखी एकदा बघू या?"

"बगा."

पुन्हा साठ आले. तिसऱ्यांदाही बघायची देवस्थळींची तयारी होती, पण मामांनीच "ऱ्हाऊ द्या सायेब" म्हणून घड्याळ परत केलं. येताना बाई रस्त्याकडं बघत होत्या. माझ्या पाटीजवळ जीप थांबली, तसे मामा उतरले आणि बाईंपुढं येऊन उभे राहिले. त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात जीपची दुसरी किल्ली असायची, तांबड्या दोऱ्यात बांधलेली. ती त्यांनी काढून बाईंच्या हातात दिली.

"मामा, अहो असं काय करता," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई. मी खोटं बोललो तुमच्याम्होरं. कसं बोललो त्ये मला उमगंना."

"तुम्हाला तसं वाटलं असेल. त्या गडबडीत माणसाला—"

"न्हाई," मामा म्हणाले. "मी काटा बघितला हुता."

ते चालत गेले. त्यांचं घर फुलेवाडीला, तिथपर्यंत अडीच-तीन मैल असेल. बाईंनी मला रिक्षा बघायला सांगितलं, मी धावत कोपऱ्यावर गेलो, रिक्षा घेऊन आलो, पण मामा बसले नाहीत. पोलिसांनी पुढं किरकोळ कलम लावून प्रकरण मिटवलं. बाईंनी त्यांना दोनदा निरोप पाठवले. ते आले नाहीत. त्यांनी त्यानंतर कुठलीच गाडी चालवली नाही. ह्याला आता चौतीस वर्षं झाली. मामा जाऊनही बावीस वर्षं झाली.

पण मला सांगायचं आहे ते त्याच सालच्या भाद्रपदातलं.

आम्ही जैन. आमच्यात पर्युषण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस असतो. त्या दिवशी घरोघर जायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, वर्षभरात जाणतेपणी, अजाणतेपणी माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा. समोरचाही तेच म्हणतो. मग 'उत्तम क्षमा' म्हणून पुढच्या घरी. एका सकाळीत वीस-पंचवीस घरं होतात. काय चुकलं ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. लहानपणापासून मला ही रीत फार आवडायची. त्या वर्षी जरा जास्तच आवडली.

कारण मी ठरवलं होतं की ह्या वेळी ईश्वरामामांच्या घरीही जायचं. ते जैन नव्हते, पण कोल्हापुरात कुणाला हा दिवस ठाऊक नाही? मी हात जोडणार, जाणते-अजाणतेचं ते वाक्य म्हणणार, मामा 'असू दे मिस्त्री' म्हणणार. 'जाणतेपणी' हा शब्द त्यात आहेच की. म्हणजे मी खरं सांगितलं असंही होणार आणि काही सांगावंही लागणार नाही. दीड महिना मला नीट जेवण जात नव्हतं. बायकोला वाटत होतं पोट बिघडलंय. मला हलकं व्हायचं होतं, आणि ते मला स्वस्तात व्हायचं होतं. हे मी आज म्हणतो. त्या सकाळी मी पांढरे कपडे घालून, मोठं पुण्यकर्म करायला निघाल्यासारखा निघालो.

मामा घरापुढच्या कट्ट्यावर बसून ओल्या भुईमुगाच्या शेंगा तोडत होते. कपाळावर टाक्यांचा वण होता. दीड महिन्यात खांदे उतरले होते. मला बघून ते उठले, कट्टा हातानं झाडला.

"या मिस्त्री, बसा. तानू, पानी आन गं. मगदूम मिस्त्री आल्यात."

मी बसलो नाही. हात जोडले. "मामा, आज आमची क्षमावाणी. वर्षभरात—"

"ठावं हाय मला," मामा म्हणाले. "म्हनूनच म्हनतो, तुमी आला, लई बरं झालं. मीच येनार हुतो. पाय उचलत न्हवता." त्यांनी माझे जोडलेले हात धरून खाली केले. "तुमी थांबा जरा. आदी मला बोलू द्या."

 त्यांना कळलं आहे, असं मला वाटलं. उस्तादांनी काही सांगितलं असेल, फिटरनं काही बघितलं असेल. आणि खरं सांगतो, मला क्षणभर बरं वाटलं.

"मिस्त्री, डोळं तपासून आलो मी. डाक्टर म्हनला, डोळं झ्याक हाईत. मग मी लई इचार केला. डोळं बरं, काटा बरा, म्हंजी मीच खोटा. आता ह्या वयात कबूल कराय जड जातंय, पर दुसरं काय ऱ्हातंय का सांगा? मी पन्नासनं गेलो असनार. मस्ती चढली असंल नव्या इंजनाची. सिस्टरचा हात मी घालवला."

"मामा—"

"थांबा. त्ये सिस्टरला सांगून आलोय मी, तिच्या पाया पडून आलो. तुमचं येगळं हाय." ते खाली बघत होते. "सिव्हिलात पडल्या पडल्या मी तुमच्याबद्दल लई वंगाळ बोललो. हिला म्हनलं, त्या मगदुमानंच काय तरी कमी-जास्त केलंय मीटरात. मला बुडीवलं त्येनं. शिव्या दिल्या तुमास्नी, आयबापावरनं दिल्या. त्या दिशी घड्याळ हातात घेतलं तवा बी माज्या मनात ह्येच, की आता मिस्त्री उघडा पडतोय. देवाला हात जोडून म्हनत हुतो, दगड लौकर येऊ दे. एका चांगल्या कारागिराचं वाटुळं व्हावं म्हनून मी देवाला हात जोडलं."

त्यांची बायको तानूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती पदरानं डोळे पुसत होती. "सारकं तेच बोलत्यात," ती मला म्हणाली. "झोप न्हाई त्येनला. त्येवडं मोकळं करा मिस्त्री."

"तुमचा सन हाय," मामा म्हणाले. "आमच्यात आसलं काय न्हाई. पर मला बी मागू द्या. माफ केलं म्हना."

आणि ते वाकले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस माझ्या पायांकडं वाकला. मी त्यांचे दोन्ही दंड धरले आणि वर उचललं. त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. 'काटा खोटा होता मामा', चार शब्द. ते मला तोंडात जाणवत होते. ते बोललो असतो तर माझी पाटी गेली असती, कदाचित पोलीस आले असते, सिस्टरच्या हाताचं मला विचारलं असतं. आणि हा माणूस त्याच दुपारी बाईंच्या दारात ताठ मानेनं उभा राहिला असता. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी स्वच्छ दिसत होत्या. कळलं नाही असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

"म्हना की मिस्त्री," तानूबाई म्हणाली.

"माफ केलं," मी म्हणालो. "माझ्या मनात काही नाही मामा."

मामांनी मोठा श्वास सोडला. त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसले. "तुमी मोठं मन केलं," ते म्हणाले. "बरं वाटलं बगा. आता लागंल झोप." मग त्यांनी मला कट्ट्यावर बसवलं, तानूबाईला चहा टाकायला सांगितलं, आणि चहा होईपर्यंत स्वतःच्या हातानं शेंगा सोलून दाणे माझ्या तळहातावर ठेवत राहिले.

मी ते दाणे खाल्ले. चहा प्यालो. मग उठलो, हात जोडून उत्तम क्षमा म्हणालो, आणि पुढच्या घरी गेलो.